नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत फौजदारी नोंद कशी दिसते, आणि ती आधी स्वतः कशी तपासावी

खासगी कंपनीच्या नियुक्तिपत्रात बहुधा एक वाक्य ठरलेले असते: ही नियुक्ती पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक ठरण्याच्या अधीन राहील. सरकारी नोकरीत तेच काम साक्षांकन नमुना (उमेदवाराने स्वतःची माहिती भरून द्यायचा फॉर्म) आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी अहवाल करतो. ज्याच्यावर पूर्वी एखादा गुन्हा नोंदला गेला आहे, मग तो कॉलेजच्या मोर्चातला असो, भाऊबंदकीतल्या बांधाच्या भांडणाचा असो किंवा न वटलेल्या धनादेशाचा असो, त्याच्या मनात या टप्प्यावर एकच प्रश्न असतो की हे दिसेल का. या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही, कारण कोणताही मालक उघडून पाहू शकेल अशी एकच राष्ट्रीय गुन्हे नोंदवही भारतात नाही. एकच प्रकरण पोलिसांच्या दप्तरात एका रूपात असते, न्यायालयाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या रूपात असते आणि पडताळणी करणाऱ्या खासगी कंपनीच्या अहवालात तिसऱ्याच रूपात उतरते. आपले प्रकरण या तिन्ही ठिकाणी नेमके कसे लिहिलेले आहे हे फॉर्म भरण्यापूर्वी माहीत करून घेणे, हाच या सगळ्या खटाटोपाचा गाभा आहे.

पोलिसांच्या दप्तरात काय असते

सरकारी नोकरी, पोलीस भरती, निमसरकारी संस्था आणि काही खासगी कंपन्या यांच्यासाठी पडताळणी पोलिसांकडून होते. नियुक्ती प्राधिकारी साक्षांकन नमुना जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांच्या कार्यालयाकडे पाठवतो. तिथल्या विशेष शाखेतून तो उमेदवार राहत असलेल्या हद्दीतील पोलीस ठाण्याकडे जातो, आणि ठाण्यात बहुधा गोपनीय काम पाहणारा कर्मचारी नोंदी तपासून व पत्त्यावर चौकशी करून अहवाल वर पाठवतो. खेडेगावात पोलीस पाटलाकडेही विचारणा होते. खासगी नोकरीसाठी उमेदवाराने स्वतः महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, तरी मागचा रस्ता साधारण हाच असतो.

ठाण्याचे रजिस्टर आणि देशभरातील पोलीस ठाणी जोडणारी सीसीटीएनएस ही संगणकीय यंत्रणा, असे दोन आधार पोलिसांपाशी असतात. त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या उमेदवाराचा लातूर जिल्ह्यातला गुन्हा पुण्याच्या ठाण्याला कळणार नाही, या भरवशावर आता राहू नये. ही यंत्रणा खासगी कंपन्यांना मात्र खुली नाही. 'आम्ही पोलिसांचा डेटाबेस तपासतो' असे कोणी सांगत असेल, तर बहुधा तो न्यायालयीन नोंदींचा शोध घेतो आणि त्याला पोलीस तपासणी म्हणतो.

पोलिसांकडच्या प्रत्येक कागदाचे वजन सारखे नसते आणि अर्जदारांचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो. अदखलपात्र तक्रार, म्हणजे बोलीभाषेतली 'एन.सी.', ही गुन्ह्याच्या नोंदवहीपासून वेगळी ठेवली जाते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १५५ होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १७४ आहे. दखलपात्र गुन्ह्याची प्रथम खबर, म्हणजे एफआयआर, पूर्वी कलम १५४ खाली आणि आता कलम १७३ खाली नोंदली जाते आणि तिला गुन्हा रजिस्टर नंबर मिळतो. पोलिसी कागदांत दिसणारे 'गु.र.नं.' ते हेच. शेजाऱ्याने एन.सी. दिली म्हणून 'माझ्यावर गुन्हा दाखल आहे' असे स्वतःहून लिहून देणारे उमेदवार असतात, आणि दोषारोपपत्र (चार्जशीट) न्यायालयात गेलेले असताना 'किरकोळ तक्रार होती' अशी समजूत करून घेणारेही असतात. दोन्ही चुका महागात पडतात, दुसरी अधिक.

त्यानंतर येते 'चॅप्टर केस'. शांतता भंग होऊ नये किंवा वर्तणूक चांगली राहावी म्हणून पूर्वीच्या कलम १०७ किंवा ११० खाली, आता अनुक्रमे १२६ व १२९ खाली, कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर बंधपत्र घेतले जाते. सणाच्या किंवा निवडणुकीच्या आधी अशी प्रतिबंधक कारवाई पुष्कळ होते. ही शिक्षा नाही, पण नोंद निश्चित आहे. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यात तर बंधपत्र घेतले गेले होते का, असा वेगळा प्रश्न असतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ ते ५७ खालील हद्दपारी, म्हणजे तडीपारी, हीसुद्धा शिक्षा नसून कारवाईच असते, पण पडताळणी अहवालात तिचे वजन फार भारी पडते.

तपास संपल्यावर प्रत्येक गुन्ह्यात दोषारोपपत्रच जाते असे नाही. महाराष्ट्रात अंतिम अहवालाचे 'अ', 'ब' आणि 'क' समरी असे प्रकार रूढ आहेत. गुन्हा खरा, पण आरोपी किंवा पुरावा हाती लागला नाही तर 'अ'. फिर्याद खोटी किंवा द्वेषबुद्धीने केलेली आढळली तर 'ब'. गैरसमजातून किंवा मुळात दिवाणी स्वरूपाच्या वादातून गुन्हा नोंदला गेला असेल तर 'क'. 'केस बंद झाली' असे ठाण्यात कोणी तोंडी सांगितले एवढ्यावर थांबू नये. समरी दंडाधिकाऱ्यांनी मंजूर केली आहे का आणि त्या आदेशाची नक्कल मिळते का, हे पाहावे. मंजुरीचा आदेश हाती नसेल तर रजिस्टरमध्ये तो गुन्हा वर्षानुवर्षे तपासावर राहिलेला दिसू शकतो, आणि पडताळणी करणारा कर्मचारी रजिस्टरमध्ये दिसेल तेच लिहितो.

न्यायालयाच्या संकेतस्थळावर काय दिसते

खासगी कंपन्यांचा मुख्य आधार म्हणजे ई-कोर्ट्स. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांतील खटल्यांची स्थिती तिथे कोणालाही, कोणाच्याही परवानगीविना पाहता येते. राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडायचे, पक्षकाराचे नाव व नोंदणीचे वर्ष टाकायचे, प्रलंबित की निकाली हे ठरवायचे आणि चित्रातली अक्षरे भरायची. पडद्यावर खटल्याचा प्रकार व क्रमांक, पक्षकारांची नावे आणि एक दुवा येतो. त्या दुव्यामागे सोळा अक्षरांकांचा सीएनआर क्रमांक (महाराष्ट्रातला एमएच या अक्षरांनी सुरू होणारा), कायदा व कलमे, पोलीस ठाणे, गुन्ह्याचा क्रमांक, तारखांचा इतिहास आणि अपलोड झाले असेल तर निकालपत्र, एवढे सगळे असते.

या शोधाच्या मर्यादा लक्षात घेतल्या की अहवालात काय येईल याचा अंदाज बांधता येतो. जिल्हा आणि वर्ष निवडावे लागत असल्याने हाताने शोधणारा माणूस साधारणपणे उमेदवाराने दिलेल्या पत्त्यांच्या जिल्ह्यांतच शोधतो. मोठ्या कंपन्या मात्र या नोंदी गोळा करून स्वतःची देशव्यापी सूची बनवतात आणि तिच्यात नावावरून शोध घेतात. नावे इंग्रजी लिपीत आणि लिहिणाऱ्याच्या मर्जीने टाकलेली असतात: कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर, कुठे 'राज्य शासन विरुद्ध अमुक व इतर पाच'. त्यामुळे खरी नोंद हुकण्याची शक्यता असते आणि भलत्याची नोंद आपल्या नावावर चढण्याची शक्यता त्याहून जास्त असते. पाटील, शिंदे, जाधव, पवार ही आडनावे आणि संतोष, गणेश, सचिन ही नावे असणाऱ्यांनी हा धोका गृहीतच धरावा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत माहेरच्या नावाने शोध झाला नाही तर जुनी नोंद दिसत नाही. म्हणूनच बहुतेक फॉर्मांत पूर्वीचे नाव विचारलेले असते आणि ते टाळणे हीच लपवाछपवी ठरू शकते.

खटल्याच्या प्रकाराची अक्षरेही ओळखता आली पाहिजेत. आर.सी.सी. म्हणजे नियमित फौजदारी खटला, एस.सी.सी. म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खालचा न वटलेल्या धनादेशाचा खटला अनेकदा या दुसऱ्या वर्गात दिसतो, आणि तो व्यवहारातून उद्भवलेला असला तरी कायद्याने फौजदारीच आहे. दारू पिऊन वाहन चालवल्याचे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचे प्रकरणही न्यायालयात जाते आणि शोधात सापडू शकते. याउलट कॅमेऱ्याने टिपलेले आणि भरून टाकलेले ई-चलान म्हणजे काही फौजदारी पूर्वेतिहास नव्हे. घटस्फोट, वाटणी, भाडेकरार यांचे दावे नावाच्या शोधात दिसतात, पण ते दिवाणी आहेत आणि जबाबदार पडताळणी कंपनीने ते फौजदारी सदरात टाकू नयेत. प्रत्यक्षात कधी कधी टाकले जातात, तेव्हा ती चूक लेखी दाखवून द्यावी.

दुसरा सार्वजनिक आधार म्हणजे पोलिसांच्या संकेतस्थळावरील प्रकाशित एफआयआर. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम खबर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावी, आणि जिथे जोडणीची अडचण असेल तिथे ७२ तासांपर्यंत मुभा राहील. परिणामी अटक झाली नसली, दोषारोपपत्र गेले नसले, तरी आरोपी म्हणून लिहिलेले नाव सार्वजनिक झालेले असू शकते.

हे सगळे तपासून खासगी कंपनी जो अहवाल देते, त्यात बहुधा रंगांची खूण असते: हिरवा म्हणजे काही आढळले नाही, पिवळा म्हणजे खात्री करता आली नाही किंवा किरकोळ तफावत आहे, लाल म्हणजे गंभीर तफावत आहे. मनुष्यबळ विभागातील माणूस अनेकदा आतली पाने न वाचता रंगच पाहतो. निर्दोष मुक्ततेनंतरही 'नोंद आढळली' एवढ्यावर लाल रंग येऊ शकतो, आणि म्हणून उमेदवाराचा स्वतःचा खुलासा अहवालाच्या आधी फाइलमध्ये असावा लागतो.

आपली नोंद आपण आधी कशी पाहावी

सर्वप्रथम ई-कोर्ट्सवर स्वतःचे नाव, आपण राहिलेल्या आणि घटना घडलेल्या प्रत्येक जिल्ह्यात, स्पेलिंग बदलून बदलून शोधावे. संबंधित वर्षे एकेक करून घ्यावीत, आणि प्रलंबित व निकाली दोन्ही पाहावीत. नावाने सापडले नाही तर पोलीस ठाणे व गुन्हा क्रमांकावरून शोधता येते. उच्च न्यायालयाच्या प्रकरणांसाठी त्या न्यायालयाचा शोध वेगळा करावा, कारण गुन्हा रद्द झाल्याचा आदेश तिथेच असतो.

त्यानंतर न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज करून प्रमाणित प्रती घ्याव्यात. निकालपत्र किंवा अंतिम आदेश, दोषारोपपत्र आणि प्रथम खबर एवढे कागद पुरेसे असतात. संकेतस्थळावरून उतरवलेली प्रत समजून घ्यायला चालते, पण नियुक्ती प्राधिकाऱ्यापुढे शिक्क्याची प्रतच ठेवावी. हे काम नोकरीचा अर्ज टाकतानाच सुरू करावे. नियुक्तिपत्र आल्यावर मिळणाऱ्या आठ-दहा दिवसांत जुने प्रकरण अभिलेख कक्षातून वर येईलच याची खात्री कोणताही कारकून देणार नाही. जुने दप्तर नियमांनुसार नष्ट केले गेले असेल, तर तसा शेरा न्यायालयाकडून लेखी घ्यावा.

ज्यांना शंका आहे पण कागद हाती नाही, त्यांनी स्वतःच चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्रासाठी अर्ज करून पाहावा. पोलिसांकडून काय उत्तर येते यावरून रजिस्टरमध्ये काय लिहिले आहे ते कळते, आणि त्यात चूक असेल तर ती नोकरीच्या तारखेच्या दबावाविना दुरुस्त करून घेता येते.

फॉर्ममधल्या प्रश्नाचे उत्तर

नोकऱ्या जातात त्या अनेकदा गुन्ह्यामुळे नव्हे, तर 'नाही' या शब्दापुढे केलेल्या खुणेमुळे. केंद्राच्या साक्षांकन नमुन्यातले प्रश्न नीट वाचले तर हे उमगते. तुम्हाला कधी अटक झाली होती का, खटला भरला गेला होता का, स्थानबद्ध केले गेले होते का, बंधपत्र घेतले गेले होते का, न्यायालयाने दंड केला होता का, दोषी ठरवले होते का, आणि हा नमुना भरताना एखादे प्रकरण प्रलंबित आहे का, असे हे वेगवेगळे प्रश्न आहेत. निर्दोष सुटलेल्या माणसाचे 'दोषी ठरवले होते का' याचे उत्तर नाही असे असेल. पण 'अटक झाली होती का' आणि 'खटला भरला गेला होता का' यांचे उत्तर होय असेच आहे. 'मी तर सुटलो आहे, मग लिहायचे कशाला' हा युक्तिवाद माणसाला पटण्यासारखा असला, तरी त्या रकान्यापुढे टिकत नाही.

दंडाच्या रकान्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. किरकोळ खटल्यात 'गुन्हा कबूल करा, दंड भरा आणि मोकळे व्हा' असा सल्ला न्यायालयाच्या आवारात सर्रास दिला जातो, आणि तारखांना कंटाळलेला तरुण तो ऐकतो. कबुलीवरून केलेला दंड ही कायद्याने दोषसिद्धीच असते. चार-पाचशे रुपयांची पावती फाटली म्हणून ती पार्किंगच्या दंडासारखी होत नाही, आणि पुढे सरकारी फॉर्मवर ती दोषसिद्धी म्हणूनच लिहावी लागते. ज्याला नोकरीला लागायचे आहे त्याने कबुलीजबाबापूर्वी वकिलाला हा परिणाम स्पष्ट विचारावा.

या विषयावरचा आधारभूत निकाल म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २१ जुलै २०१६ रोजी दिलेला 'अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार' हा निकाल. त्याचा आशय असा: दोषसिद्धी, अटक किंवा प्रलंबित खटला यांबद्दल उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, मात्र लपवलेले प्रकरण तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखे क्षुल्लक असेल, आणि ते सांगितले असते तरी उमेदवार अपात्र ठरला नसता, तर मालक ती चूक स्वविवेकाने पोटात घालू शकतो. गंभीर गुन्ह्यातली दोषसिद्धी किंवा एकाहून अधिक प्रलंबित प्रकरणे जाणूनबुजून लपवली असतील, तर नियुक्ती रद्द होऊ शकते. खरे सांगितले म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असा हक्क उत्पन्न होत नाही, कारण पूर्वचारित्र्य तपासण्याचा मालकाचा अधिकार शाबूत राहतो. उमेदवाराच्या बाजूचे दोन मुद्देही त्यात आहेत: प्रश्न मोघम नसावा, विशिष्ट असावा आणि जे विशेष करून विचारले आहे तेवढेच सांगण्याचे बंधन आहे, तसेच लपवल्याचा ठपका ठेवायचा तर ती गोष्ट उमेदवाराला माहीत होती हे दिसले पाहिजे. मे २०२२ मध्ये रेल्वे संरक्षण दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले की माहिती लपवली एवढ्या एकाच कारणावरून मनमानीपणे सेवेतून काढता येत नाही. पण त्याच वर्षी सप्टेंबरमधल्या दुसऱ्या निकालात गणवेशधारी दलांसाठी कसोटी अधिक कडक राहील, हेही स्पष्ट केले. पोलीस भरतीतल्या उमेदवाराने दुसरा निकाल डोळ्यांसमोर ठेवून फॉर्म भरावा.

हे सर्व निकाल सरकारी मालकाबद्दल आहेत. सरकारला संविधानाच्या कलम १४ व १६ चे बंधन असल्याने उमेदवाराला न्यायालयात दाद मागता येते. खासगी कंपनीच्या बाबतीत जुन्या गुन्ह्यावरून नोकरी नाकारण्याला मज्जाव करणारा सर्वसाधारण कायदा भारतात नाही, आणि तिथे करारातली अटच चालते. म्हणून खासगी नोकरीत आपला खुलासा आपण आधी आणि नेमका देणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. प्रश्न विचारला गेला असेल तर खुलासा साधारण असा असावा:

'माझ्याविरुद्ध अमुक पोलीस ठाणे, जिल्हा अमुक येथे गु.र.नं. १२३/२०१८ अन्वये भारतीय दंड संहितेच्या कलम १४३, १४७, ३२३ व ५०४ खाली गुन्हा नोंदवण्यात आला होता. त्यावरून मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अमुक यांच्या न्यायालयात नियमित फौजदारी खटला क्र. ४५६/२०१८ चालला व त्यात माझी अमुक तारखेस निर्दोष मुक्तता झाली. निकालपत्राची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा अथवा खटला प्रलंबित नाही.'

एवढेच. फिर्यादी कसा दुष्ट होता, राजकारण कोणी केले, पोलिसांनी कसे अडकवले, हे त्यात घालू नये. वाचणाऱ्याला क्रमांक, कलमे, निकाल आणि तारीख हवी असते. नमुना भरून दिल्यानंतर नवा गुन्हा दाखल झाला तर तोही ताबडतोब कळवावा, कारण साक्षांकन नमुन्याच्या इशाऱ्यातच तसे बंधन लिहिलेले असते.

निकाल काहीही असो, नोंद पुसली जाते का

निर्दोष मुक्तता, आरोपनिश्चितीपूर्वीच झालेला डिस्चार्ज (आरोपातून वगळणे), तडजोडीतून मिटलेला खटला आणि उच्च न्यायालयाने रद्द केलेला गुन्हा हे चार वेगवेगळे शेवट आहेत. कायद्याने परवानगी असलेल्या तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखा असतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या पूर्वीच्या कलम ४८२ खाली, आता नव्या संहितेच्या ५२८ खाली, उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला तर तो आदेश सर्वांत भक्कम. पण त्याची प्रत ठाण्यात व खालच्या न्यायालयात आपणच पोहोचवावी, नाहीतर रजिस्टरला त्याचा पत्ताच नसतो. खटला मागे घेण्याचेही तसेच. कोविड काळातले भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खालचे (सरकारी आदेश मोडल्याचे) गुन्हे मागे घेण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये घेतला, तरी मागे घेण्यासाठी सरकारी अभियोक्त्याचा अर्ज आणि न्यायालयाची संमती लागते. वर्तमानपत्रातली बातमी वाचून आपला खटला संपला असे मानू नये, ई-कोर्ट्सवर पाहावे.

परिविक्षेवर (प्रोबेशनवर), म्हणजे शिक्षेऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर, सुटलेल्यांना १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमाच्या कलम १२ चा आधार आहे, त्यानुसार दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागू होत नाही. मात्र दोषसिद्धी स्वतः पुसली जात नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे.

अठरा वर्षांखालच्या वयात घडलेल्या गोष्टीचे नियम अगदी वेगळे आहेत आणि पुष्कळ पालकांना ते माहीत नसतात. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार विधिसंघर्षग्रस्त बालकाला (ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा मुलाला) त्या प्रकरणामुळे अपात्रता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. अपवाद फक्त सोळा वर्षे पूर्ण झालेल्या आणि निर्घृण गुन्ह्यात बाल न्यायालयाने दोषी धरलेल्या मुलांचा. कलम ७४ नुसार तर चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी बालकाची नोंद उघड करायचीच नाही. पडताळणी अहवालात असे प्रकरण आले असेल, तर या दोन कलमांचा उल्लेख करून पोलीस अधीक्षकांकडे व नियुक्ती प्राधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्यावी.

काही नोकऱ्यांत कायदाच दार बंद करतो. खासगी सुरक्षा एजन्सी नियमन अधिनियम, २००५ च्या कलम १० प्रमाणे सक्षम न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला खासगी सुरक्षा रक्षक म्हणून नेमता येत नाही. शाळा, वसतिगृहे, क्रीडा अकादमी अशा मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थांना २०२० च्या पॉक्सो (मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण) नियमांनुसार कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावीच लागते. लैंगिक गुन्हेगारांची २०१८ पासून असलेली राष्ट्रीय सूची मात्र फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, शाळेच्या कार्यालयाला नाही.

अहवाल चुकीचा आला तर

नामसाधर्म्याचा घोळ सोडवण्याची हुकमी जागा म्हणजे निकालपत्राचे किंवा दोषारोपपत्राचे पहिले पान. तिथे आरोपीच्या नावाखाली 'वय ३४ वर्षे, धंदा शेती, रा. अमुक, ता. अमुक' असा मजकूर असतो. हे वय आणि पत्ता आपल्या जन्मतारखेशी व आधारवरच्या पत्त्याशी ताडून दाखवले की भलत्या माणसाची नोंद आपल्यावर चढली आहे हे दोन ओळींत सिद्ध होते. कंपनीकडे अहवालाची प्रत मागावी, नेमका कोणता खटला क्रमांक धरला आहे ते विचारावे आणि हे कागद जोडून फेरतपासणीची लेखी विनंती करावी. फोनवर भांडण्यात दिवस घालवू नयेत. सोबत दिलेले संमतिपत्रही पुन्हा वाचावे: कोणती माहिती तपासण्यास आपण संमती दिली होती, ते त्यात लिहिलेले असते.

निर्दोष सुटूनही निकालपत्र नावाच्या शोधात वर येत राहते, अशी तक्रार घेऊन लोक न्यायालयात गेले आहेत. अमली पदार्थांच्या खटल्यातून सुटलेल्या एका भारतीय वंशाच्या अमेरिकी नागरिकाला अमेरिकेत नोकरी मिळेना, कारण मालक इंटरनेटवर त्याचे नाव शोधत. दिल्ली उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तो निकाल शोधयंत्रांतून दिसू नये असा अंतरिम आदेश दिला. हा आदेश त्या प्रकरणापुरता होता, आणि प्रत्येकाला असा दिलासा मिळेल असे त्यातून निघत नाही. तरी गंभीर नुकसान होत असेल तर हा मार्ग वकिलाशी बोलून पाहण्यासारखा आहे.

परदेशी नोकरीसाठी स्थानिक ठाण्याचे प्रमाणपत्र सहसा चालत नाही. तिथे पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र लागते आणि ज्या इतर देशांत दीर्घकाळ राहिलो त्यांचेही मागितले जाते. अमेरिकेत पडताळणी कंपनीकडून अहवाल मागवण्यापूर्वी मालकाला स्वतंत्र कागदावर लेखी संमती घ्यावी लागते, आणि अहवालावरून नोकरी नाकारायची तर आधी त्याची प्रत उमेदवाराला द्यावी लागते. दोषसिद्धीविना संपलेली सात वर्षांहून जुनी अटक तिथल्या संघराज्यीय कायद्यानुसार, वार्षिक ७५,००० डॉलरखालील पगाराच्या नोकरीसाठी, अहवालात येत नाही. दोषसिद्धीला मात्र त्या कायद्यात कालमर्यादा नाही. ब्रिटनमध्ये डीबीएस या सरकारी गुन्हे नोंद तपासणी संस्थेच्या मूलभूत तपासणीत मुदत उलटून 'स्पेंट' ठरलेल्या शिक्षा दाखवल्या जात नाहीत, वरच्या पातळीच्या तपासण्यांत त्यांतल्या काही दिसतात. भारतातला खटला या अहवालांत उतरला नाही, तरी व्हिसाच्या फॉर्मवर अटकेचा प्रश्न स्वतंत्रपणे विचारलेला असतो, आणि त्याचे उत्तर देताना प्रमाणित प्रतीसोबत इंग्रजी भाषांतरही जोडावे लागते, कारण तालुका न्यायालयातले निकालपत्र पुष्कळदा मराठीतच असते.